पुढचं दूध रात्री दोन वाजता

हा घटनाक्रम कुणा एका मुलीचा नाही. अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, तीव्र कुपोषित मूल भर पावसाळ्यात आजारी पडलं की ज्या टप्प्यांतून जातं, ते टप्पे जुळवून ही चौदा महिन्यांची मुलगी उभी केली आहे. म्हणून तिला नाव नाही, तिच्या गावाला नाही, आणि सेवाभावी संस्थेच्या ज्या छोट्या दवाखान्यात ती पोचते त्यालाही नाही. औषधांच्या मात्रा आणि धोक्याच्या मर्यादा मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमावलीतल्या आहेत. शेवट आधीच सांगतो. बुधवारी पहाटे पाच वाजता ती जाते. तास तिथून उलटे मोजले आहेत.

61 तास आधी. रविवार, दुपारी 4

आई-बाप बाजाराला गेलेत. घरात आठ वर्षांची थोरली, तिच्या कडेवर ही धाकटी, आणि मधला तीन वर्षांचा भाऊ चिखलात. धाकटीला सकाळपासून तिसऱ्यांदा पातळ शी झाली. थोरलीने फडक्याने पुसलं, शीवर माती लोटली आणि कपातला काळा चहा तिला चमच्याने पाजला. मोठी माणसं हेच करतात, ते तिने पाहिलेलं आहे. श्रावणात लेकराला जुलाब होणं ही इथे बातमी नसते.

होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा सर्वांत मोठा सण. कामाला बाहेर गेलेले त्यासाठी परत येतात आणि सण उरकला की पुन्हा खाली, परतवाड्याच्या बाजूला वीटभट्टीवर जातात. हे कुटुंबही गेलं होतं. तीन महिने पोरगी भट्टीजवळच्या झोपडीत होती. आईचं दूध कमी झालं आणि वरचं खाणं धड सुरू झालं नाही. अंगणवाडीच्या वहीत त्या तीन महिन्यांपुढे 'स्थलांतरित' असा शेरा आहे. पेरणीला माणसं परत आली, पण जुलैच्या वजनाच्या दिवशी नाल्याला पूर होता आणि ऑगस्टमध्ये आई शेतात होती. वाढीच्या आलेखावरची रेघ फेब्रुवारीत जिथे थांबली, तिथेच आहे.

रविवारी ती मोजली असती तर वजन 5.2 किलो भरलं असतं. या वयाच्या मुलीचं साडेनऊच्या आसपास असतं. दंडाचा घेर 10.4 सेंटीमीटर आला असता. 11.5 च्या खाली गेलं की पट्टीवर लाल रंग येतो.

45 तास आधी. सोमवार, सकाळी 8

आशाताई दारावरून जाताना आत डोकावल्या. पोरीचे डोळे खोल गेलेले पाहून त्यांनी ओआरएसचं पाकीट दिलं आणि बजावलं, "आजच्या आज दवाखान्यात ने, बाई." आई हो म्हणाली. ते हो खोटं नव्हतं. पण सोयाबीनच्या निंदणाला तिने शब्द दिला होता, आजचा रोज बुडाला तर उद्या कुणी बोलावणार नव्हतं, आणि पोरीला ताप नव्हता. अंगाला हात लावला तर गारच लागत होतं. ताप नाही म्हणजे फार काही नाही, हा हिशेब शहरातल्या शिकलेल्या आयाही करतात.

इथेच हे शरीर फसवतं. महिनोन् महिने कमी खाल्लेलं शरीर दुष्काळातल्या घरासारखं एकेक खर्च बंद करत जातं. स्नायू विरघळवून वापरले जातात, हृदय बारीक होतं, मूत्रपिंडं जादा मीठ-पाणी बाहेर टाकायला कंटाळतात, यकृतात साखरेची शिल्लक जवळजवळ उरत नाही. पेशींच्या भिंतीवर सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारा जो पंप अखंड चालू असतो, तोही मंदावतो. ताप आणायलाही ताकद लागते. जंतुसंसर्ग झालेला असतो, पण ते सांगणारी खूण नसते. म्हणूनच नियमावली म्हणते की तीव्र कुपोषित मूल दाखल झालं की संसर्ग दिसो न दिसो, प्रतिजैविक सुरू करायचं.

38 तास आधी. सोमवार, दुपारी 3

सासूने पोरीला भुमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, नेलं. पोट फुगलंय, शिरा दिसतात, म्हणून डंबा: तापवलेल्या विळ्याच्या टोकाचे पोटावर चटके. पोरगी रडली, पण आवाज फारसा निघाला नाही.

डंबा वाईटच. कोवळ्या कातडीवर जखम, त्यातून आणखी जंतू. त्याविरुद्ध जेवढं बोललं जातं तेवढं रास्तच आहे. मात्र शहरातून लिहिणाऱ्यांना भुमका म्हणजे खलनायक वाटतो, तेव्हा काही गोष्टी राहून जातात. तो शंभर पावलांवर आहे. रात्री हाक मारली तर उठतो. कोरकूत बोलतो, पैसे पुढच्या हंगामात घेतो आणि आईला ओरडत नाही. मेळघाटात काम करणाऱ्यांनी भुमकांनाच हाताशी धरून रुग्ण दवाखान्यात पाठवायचे प्रयत्न केले, ते उगीच नाही. सोमवारी या भुमकाने "आधी दवाखाना" एवढं म्हटलं असतं तर सासूने त्याचं ऐकलं असतं. आशाताईंचं ऐकलं नाही.

21 तास आधी. मंगळवार, सकाळी 8

जुलाब चालूच, आता उलटीही. बाप पोरीला घेऊन बाजाराच्या गावी गेला. तिथे पत्र्याच्या खोलीत एक बोगस डॉक्टर बसतो. त्याने वजन केलं नाही. शीर शोधली आणि सलाईन लावलं. तासाभरात अर्धी बाटली, म्हणजे 250 मिली, आत गेली.

आणि पोरीने डोळे उघडले. हे महत्त्वाचं आहे. सलाईनने लेकराला तरतरी येते, बापाला ती डोळ्यांनी दिसते, आणि त्या खोलीची कीर्ती तिथेच तयार होते. दवाखान्यातले डॉक्टर 'सुई लावत नाहीत, नुसतं दूध पाजतात' ही तक्रार मेळघाटातच नव्हे, कुपोषणाच्या कुठल्याही वॉर्डात ऐकू येईल.

नियमावलीत शिरेतून पाणी द्यायला परवानगी फक्त शॉकमध्ये आहे: मूल बेशुद्धीकडे झुकलेलं, हात गार, नखं दाबून सोडल्यावर तीन सेकंदांतही लाली परतत नाही. तेव्हासुद्धा किलोला 15 मिली, तासाभरात, दर दहा मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजत. हिच्या वजनाला ते 78 मिली होतात. नाडी आणि श्वास वाढू लागले तर थांबायचं, कारण बारीक झालेल्या हृदयाला तेवढंही झेपत नाही. मंगळवारी सकाळी तिच्यात तिप्पट मीठपाणी गेलं, आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकण्याच्या स्थितीत नव्हती. ते अंगातच राहिलं. दुपारपर्यंत तरतरी ओसरली, आणि श्वास मात्र भरभर होऊ लागला.

15 तास आधी. मंगळवार, दुपारी 2

108 ला फोन लागायला टेकडीवर चढावं लागतं. लागला तेव्हा कळलं की गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन अमरावतीला गेली आहे. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटर, घाटातून. एसटी पुलाच्या पलीकडेच थांबलेली, पुलावरून पाणी. चार वाजता पाणी उतरलं, तेव्हा जीप निघाली. सीट भरेपर्यंत ती थांबते, तशी थांबली.

साडेदहा तास आधी. मंगळवार, संध्याकाळी 6:30

दवाखाना म्हणजे बारा खाटांचा एक वॉर्ड, एक तपासणीची खोली, इन्व्हर्टर, ऑक्सिजनचं यंत्र. सिस्टरने पोरीला हातात घेतलं आणि चालता चालताच तिच्या पायांना हात लावला. मग डॉक्टरमॅडमना हाक मारली. आवाज चढवला नाही.

"ताप होता का?" मॅडमनी विचारलं. मदतनीस मावशींनी ते कोरकूत आईला विचारलं.

"नव्हता म्हणते," मावशी म्हणाल्या. आईच्या चेहऱ्यावर थोडी सुटका होती, निदान या प्रश्नाचं उत्तर तरी चांगलं देता आलं अशी.

काखेतलं तापमान 34.8. टाचेतून रक्ताचा थेंब घेतला: साखर 41. चोपन्नच्या खाली म्हणजे धोका. श्वास मिनिटाला 58. या वयात चाळीसच्या पुढे गेला की जलद समजतात. दोन्ही पायांवर अंगठा दाबून पाहिला, खड्डा पडत नाही, म्हणजे सूज नाही. पोटावर चटक्यांचे ताजे व्रण. मॅडमनी ते पाहिले, केसपेपरवर लिहिले आणि आईला त्याबद्दल काही विचारलं नाही. सलाईनचं मात्र विचारलं, हातावर सुईची खूण होती म्हणून. किती गेलं? बापाने दोन बोटांनी बाटलीची उंची दाखवली.

मग सगळं भराभर. नाकातून पोटात नळी. त्यातून दहा टक्के ग्लुकोजचं पाणी 50 मिली. अँपिसिलिन आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. ओले कपडे काढून पोरगी आईच्या उघड्या छातीशी, वर गोधडी, डोक्याला टोपडं. सव्वासातला साखर 68 झाली, आणि सिस्टरने तो आकडा मोठ्याने वाचला.

त्यानंतर दूध. याला एफ-75 म्हणतात: दूध कमी, साखर आणि तेल, 100 मिलीमध्ये 75 कॅलरी आणि एक ग्रॅमहूनही कमी प्रथिनं. पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला 14 मिली. दहापासून दर दोन तासांनी 55 मिली, रात्रभर, न चुकता. भेटायला येणाऱ्यांना हे पटत नाही. एवढ्या खंगलेल्या लेकराला अंडी द्या, खिचडी द्या, कुपोषित मुलांसाठीच्या शेंगदाणा-पेस्टचं ते पाकीट द्या. पाकीट खरंच गुणाचं आहे. फ्रान्समध्ये आंद्रे ब्रिआं आणि मिशेल लेस्कान यांनी 1996 मध्ये ते बनवलं: 92 ग्रॅमला 500 कॅलरी, पाणी लागत नाही, घरी देता येतं. पण त्याची वेळ पुढची, मूल भूक मागायला लागल्यावरची. आज रात्री तिच्या पोटात तेवढं घातलं तर मंदावलेलं शरीर त्या ओझ्याखालीच मोडेल.

त्याच 1996 साली क्लेअर स्कोफील्ड आणि अ‍ॅन अ‍ॅशवर्थ यांनी जगभरच्या रुग्णालयांतले आधीच्या पन्नास वर्षांचे आकडे तपासले. दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलांपैकी 20 ते 30 टक्के मुलं मरत होती, आणि पन्नास वर्षांत हे प्रमाण हललंच नव्हतं. प्रतिजैविकं आली, तपासण्या आल्या, तरीही. कारणं फार साधी निघाली: नको तिथे सलाईन, पहिल्याच दिवशी भरपूर प्रथिनं, अंग गार पडू देणं, रात्री उपाशी ठेवणं. 1999 मध्ये आलेल्या जागतिक नियमावलीच्या दहा पायऱ्यांत पहिल्या दोन साखर आणि ऊब यांच्याच आहेत. माझ्या मते या सगळ्या वैद्यकशास्त्रातलं सर्वांत अवघड वाक्य 'दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा' हेच आहे. औषध विकत आणता येतं. रात्री दोन वाजता जागं राहणारं माणूस रोज रात्री लागतं.

6 तास आधी. रात्री 11

दहाचं दूध गेलं. साखर 74. अंगाचं तापमान 35.9.

बाप वॉर्डाच्या दाराशी उभा होता. घरी दोन लेकरं, म्हातारी, बैल. "सकाळी नेतो," तो म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, सात दिवस तरी लागतील." सात दिवस ऐकून तो काही बोलला नाही. आईला इथे रोजचं जेवण मिळेल, बुडालेल्या मजुरीचेही थोडे पैसे मिळतील, हे सिस्टरने समजावलं. तो रात्रीपुरता थांबला. अशी बरीच लेकरं याच तासाला, सही करून, अंधारात परत जातात. हिला नेलं नाही, म्हणून दवाखान्याने हा तास जिंकला असं धरायला हरकत नाही.

5 तास आधी. रात्री 12

बाराचं दूध, 55 मिली, नळीतून, सावकाश. आता साखर आणि पोटॅशियम मिळू लागल्याने पेशींवरचा पंप पुन्हा हलू लागला होता. ही सुधारणाच. पण पंप चालू झाला की पेशींत साठलेलं सोडियम रक्तात येतं आणि पाण्याला ओढतं. सकाळची अर्धी बाटली अजून अंगातच होती. पोरीचा श्वास 60 झाला. मॅडमनी केसपेपरवर लिहिलं: 'श्वास दर तासाला मोजा.'

सव्वाचार तास आधी. रात्री 12:45

मण्यार चावलेला माणूस आला. जमिनीवर झोपलेला, दंश बारीक, दुखत नाही, पापण्या खाली उतरलेल्या. पावसाळ्यात मेळघाटातला कुठलाही दवाखाना हा रुग्ण ओळखतो. एक वाजता त्याचा श्वास थांबायला लागला. सर्पविषावरचं प्रतिविष चालू केलं आणि हाताने श्वास देणारी अंबूबॅग दाबत बसायचं काम डॉक्टर आणि सिस्टर आळीपाळीने करू लागल्या. बॅग हातातून सोडली तर माणूस मरतो. रात्रपाळीला तिसरं कुणी म्हणजे मावशी, त्या नातेवाइकांना आवरत होत्या.

3 तास 40 मिनिटं आधी. रात्री 1:20

पोरीला उलटी झाली आणि तिच्याबरोबर नाकातली नळी बाहेर आली. आई जागी झाली. तिने पोरीचं तोंड पुसलं, नळी नीट गुंडाळून खाटेच्या कडेला ठेवली. दारातून तिने सिस्टरला धावताना पाहिलं होतं. पलीकडच्या खोलीत बायका रडत होत्या. मोठ्या दुखण्याचा माणूस आलेला असताना आपण नळीसाठी हाक मारावी हे तिला बरं वाटलं नाही. शिवाय नळी निघाल्यावर पोरगी शांत झोपली होती. तीन रात्रींत पहिल्यांदा. गोधडी ओली झाली म्हणून आईने पोरीला छातीवरून उतरवून कोरड्या बाजूला निजवलं आणि स्वतः शेजारी आडवी झाली.

3 तास आधी. रात्री 2

वीज गेली. इन्व्हर्टरवर दोन दिवे आणि ऑक्सिजनचं यंत्र. दोनचं दूध वाटीत मोजून, झाकून ठेवलेलं होतं.

1 तास 20 मिनिटं आधी. पहाटे 3:40

मण्याराचा माणूस जरा स्थिर झाला. मॅडम त्याच्यापाशी थांबल्या, सिस्टर टॉर्च घेऊन वॉर्डात आल्या आणि पहिल्यांदा याच खाटेकडे वळल्या. पोरगी ढिली. हाक मारल्यावर डोळे नाहीत. गुदाशयातलं तापमान 34.2. साखर 28.

बॅग आता मावशींनी दाबायची, असं सांगून मॅडम धावत आल्या. शीर मिळाली. दहा टक्के ग्लुकोज, किलोला 5 मिली, म्हणजे 26 मिली, हळू. साखर 60 वर आली. पोरीने हात हलवला. पण श्वास आता 76, प्रत्येक श्वासाला कण्हणं, नाकपुड्या फुललेल्या, आणि बरगडीखाली यकृत तीन बोटं लागत होतं. संध्याकाळी ते लागत नव्हतं. हृदय मागे पडत होतं.

आता दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. साखरेसाठी दूध ताबडतोब आणि सतत द्यायला हवं. हृदयासाठी दूध, पाणी, सगळं थांबवायला हवं. दोन्ही सूचना त्याच नियमावलीत, वेगवेगळ्या पानांवर, आणि दोन्ही बरोबर. मॅडमनी दूध थांबवलं, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि साखर टिकावी म्हणून ग्लुकोज अगदी थेंबाथेंबाने ठेवलं. मोठ्या रुग्णालयात पोचायला अडीच तास, वाटेत घाट. त्यांनी बापाला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "इथेच करा."

15 मिनिटं आधी. पहाटे 4:45

श्वास 76 वरून 40 वर आला, मग 24. नवीन माणसाला ही सुधारणा वाटते. सिस्टरला वाटली नाही. त्यांनी लहान मास्क काढला आणि अंबूबॅग लावली.

बुधवार, पहाटे 5

मॅडमनी वेळ लिहिली.

नंतर

मृत्यूचं कारण: जुलाब, हृदयक्रिया मंदावणे. त्याखाली, तीव्र कुपोषण. तालुक्याच्या तक्त्यात वरची ओळ जाते. 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी देशभर झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हापासून हा वाद चालू आहे: ही मुलं कुपोषणाने गेली की आजाराने. सरकार म्हणतं आजाराने, कार्यकर्ते म्हणतात कुपोषणाने. ज्याने असा एक केसपेपर शेवटपर्यंत वाचलाय त्याला या वादात भाग घेणं कठीण जातं. जुलाबाने साडेनऊ किलोचं मूल सहसा मरत नाही.

पंधरवड्याने बालमृत्यूची चौकशी करायला आरोग्याची माणसं घरी आली. छापील नमुना होता, त्यात ठरलेले प्रश्न. ताप होता का? सासूने सांगितलं, नव्हता. त्यांच्यातल्या ताईंनी 'नाही'वर खूण केली. मधला भाऊ दाराशी उभा होता, त्याच्याही दंडाला पट्टी लावली. 12.1, म्हणजे पिवळा. शुक्रवारी अंगणवाडीत वजनाला आणा, असं त्या म्हणाल्या. शुक्रवारी निंदण आहे, आई म्हणाली, शनिवारी चालेल का?